दबलेला मज्जातंतू तपासणीतून कसा शोधावा : नव्याने शिकणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

बोटांना मुंग्या येतात, हात बधिर होतो, पकड सुटते किंवा चालताना पाऊल घासते अशी तक्रार घेऊन रुग्ण आला, की नव्याने शिकणाऱ्या डॉक्टरचा किंवा फिजिओथेरपिस्टचा हात बहुधा सरळ त्याच्या मनगटाकडे जातो. टिनेल आणि फेलन ही नावे परीक्षेसाठी पाठ केलेली असतात आणि त्या दोन चाचण्या झाल्या की तपासणी संपली असे वाटू लागते. वास्तविक या चाचण्या एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : या जागी मज्जातंतूला डिवचले तर रुग्णाचा त्रास जागा होतो का? कोणता नर्व्ह (मज्जातंतू) दबला आहे, नेमका कुठे दबला आहे आणि त्याचे किती नुकसान झाले आहे, हे तीन प्रश्न त्यानंतरही उरतात. त्यांची उत्तरे शरीररचनेतून मिळतात. प्रत्येक नर्व्हला ठरावीक उंचीवर शाखा फुटतात, त्यामुळे कोणती शाखा बिघडली आणि कोणती शाबूत आहे हे नीट पाहिले की दाबाची जागा बरीचशी कळते. पुढील क्रम याच विचारावर बेतलेला आहे.

आधी ऐका, मग हात लावा

मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांत येतात हे रुग्णाला तोंडी विचारण्यापेक्षा कागदावर हाताची किंवा पायाची बाह्यरेषा काढून तीत रंगवायला सांगावे. 'अख्खा हात बधिर होतो' असे म्हणणारे अनेक रुग्ण चित्र रंगवताना करंगळी कोरी सोडतात आणि तेवढ्यानेच निदानाची दिशा ठरते. त्रास रात्री वाढतो का, फोन कानाला लावून कोपर वाकवलेले असताना वाढतो का, मान वळवल्यावर वाढतो का, मांडी घालून किंवा उकिडवे बसल्यावर वाढतो का, हे विचारावे. रात्री जाग आल्यावर तुम्ही हाताचे काय करता, असा खुला प्रश्न विचारून थांबावे. रुग्णाने उत्तरादाखल हात झटकून दाखवला तर मनगटातील मीडियन नर्व्हचा संशय बळावतो. आपण स्वतः आधी हात झटकून दाखवला तर मात्र त्या उत्तराला फारशी किंमत उरत नाही.

मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गर्भारपण, संधिवात, जुने अस्थिभंग, नुकतेच घातलेले प्लास्टर आणि झपाट्याने घटलेले वजन यांची चौकशी याच वेळी करावी. मधुमेहात नर्व्ह मुळातच नाजूक झालेले असतात, म्हणून थोड्या दाबानेही त्यांना इजा होते.

पाहणे आणि चाचपणे

दोन्ही हात कोपराच्या वरपर्यंत आणि दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपर्यंत उघडे करून, शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट झाला आहे का, हाताच्या मागच्या बाजूला अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये खळगा पडला आहे का, करंगळी आणि अनामिका आकड्यासारख्या वळल्या आहेत का, हे पाहण्यासाठी प्रकाश बाजूने पडायला हवा, कारण समोरून पडणाऱ्या प्रकाशात उथळ खळगे दिसत नाहीत. त्यानंतर कोपराच्या आतल्या हाडामागे अल्नर नर्व्ह आणि गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला फिब्युला या बारीक हाडाच्या मानेवर (डोक्याखालच्या निमुळत्या भागावर) कॉमन पेरोनियल नर्व्ह बोटाखाली घोळवून पाहावा. नर्व्ह दोरीसारखा जाड लागला आणि त्वचेवर बधिर चट्टा असला, तर कुष्ठरोगाचा विचार करणे आवश्यक आहे. साधा दाब समजून हे निदान हुकले तर टाळता येण्याजोगे अपंगत्व कायमचे मागे राहते.

संवेदना तपासण्याची पद्धत

रुग्णाला डोळे मिटायला सांगण्यापूर्वी कपाळावर किंवा गालावर स्पर्श करून 'हा शंभर टक्के समजा' असे सांगावे आणि मग प्रत्येक बोटाच्या टोकाला तोच स्पर्श करून तुलना विचारावी. कापसाचा स्पर्श आणि टोचणी यांनी सुरुवात करता येते, परंतु दाबाच्या सुरुवातीच्या अवस्थेत या दोन्ही तपासण्या अनेकदा सामान्य निघतात. मोनोफिलामेंट (ठरावीक दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा) आणि ट्यूनिंग फोर्कचे कंपन हे बिघाड लवकर दाखवतात. दोन बिंदूंमधील अंतर ओळखण्याची चाचणी मात्र उशिरा बिघडते. बोटाच्या टोकाला साधारण 5 मिलिमीटरपर्यंतचे अंतर ओळखता येणे सामान्य मानतात. ही चाचणी करताना दोन्ही टोके बोटाच्या लांबीच्या दिशेने, एकाच वेळी आणि त्वचा जेमतेम पांढरी पडेल इतक्याच जोराने टेकवावीत. जोर जास्त झाला की बिघडलेला नर्व्हही चांगला भासतो.

अनामिकेकडे विशेष लक्ष द्यावे. बहुतेक लोकांत तिचा अंगठ्याकडचा अर्धा भाग मीडियन नर्व्हकडे आणि करंगळीकडचा अर्धा भाग अल्नर नर्व्हकडे असतो. एकाच बोटाच्या दोन बाजूंत स्पष्ट फरक आढळला तर दोष मानेतील मुळात (नर्व्ह मज्जारज्जूतून निघतो त्या जागी) असण्यापेक्षा हातातल्या नर्व्हमध्ये असण्याचा संभव अधिक असतो, कारण मुळाच्या दोषात बोट असे मधोमध विभागले जात नाही. या खुणेसाठी कोणतेही उपकरण लागत नाही आणि तरीही ती फार कमी वेळा तपासली जाते.

ताकद मोजणे

ताकदीची नोंद शून्य ते पाच या रूढ श्रेणीत करावी : शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, एक म्हणजे स्नायूची नुसती फडफड, दोन म्हणजे गुरुत्वाकर्षण वगळल्यावर होणारी हालचाल, तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्धची हालचाल, चार म्हणजे प्रतिकाराविरुद्ध पण कमी जोराची हालचाल आणि पाच म्हणजे सामान्य. अंक लिहिण्यापेक्षा तपासताना दुसऱ्या हाताचे बोट त्या स्नायूवर ठेवणे जास्त महत्त्वाचे आहे. शेजारचे स्नायू मदतीला धावतात आणि हालचाल पूर्ण दिसते. नेमका हवा तो स्नायू आवळला जातो की नाही हे बोटालाच कळते. दुखण्यामुळे रुग्ण जोर सोडून देत असेल तर तसे स्वतंत्रपणे लिहावे.

मनगटातील मीडियन नर्व्ह

कार्पल टनेल हा मनगटातील अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटे वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नर्व्ह जातात आणि वरून आडव्या लिगामेंटचे घट्ट छत असते. आत थोडी सूज आली तरी नर्व्हला सरकायला जागा उरत नाही.

फेलन चाचणीसाठी रुग्णाने कोपरे टेबलावर टेकवावीत, हात उभे धरावेत आणि दोन्ही पंजे आपल्या वजनाने खाली लोंबू द्यावेत. ही स्थिती 60 सेकंद ठेवावी आणि अंगठा, तर्जनी, मध्यमा यांत मुंग्या आल्या तर किती सेकंदांनी आल्या ते लिहावे. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींवर जोराने दाबण्याची पद्धत प्रचलित आहे. मला ती पसंत नाही, कारण त्यात प्रत्येक रुग्ण वेगळा जोर लावतो. कोपरे फार वाकली तर करंगळीत मुंग्या येऊ शकतात. त्या अल्नर नर्व्हच्या असतात आणि त्यांवरून फेलन सकारात्मक ठरवू नये.

टिनेल चाचणीत मनगटाच्या घडीपासून तळहाताच्या दिशेने बोटाने किंवा हातोडीने हलकी टिचकी मारत जावे. मुंग्या बोटांपर्यंत धावल्या तरच ती सकारात्मक मानावी, फक्त टिचकीच्या जागी दुखणे याला अर्थ नाही. फ्रेंच न्यूरॉलॉजिस्ट ज्यूल टिनेल यांनी ही खूण 1915 मध्ये वर्णन केली, तीही जखमी नर्व्ह पुन्हा वाढत आहे का हे पाहण्यासाठी. दाब ओळखण्यासाठी तिचा उपयोग नंतर रूढ झाला आणि त्या कामात ती मध्यम प्रतीचीच ठरते.

डर्कन चाचणी 1991 मध्ये वर्णन झाली. अंगठ्याकडचा व करंगळीकडचा उंचवटा जिथे एकमेकांजवळ येतात तिथे, मनगटाच्या घडीच्या जरा पुढे, आपल्या अंगठ्याने 30 सेकंद एकसारखा दाब द्यावा. मनगट दुखरे किंवा आखडलेले असल्याने फेलन करता येत नसेल तेव्हा ही विशेष उपयोगी पडते आणि तपासणाऱ्याचा हात बसलेला असेल तर तिच्यावर अधिक भरवसा ठेवता येतो. या तिन्ही चाचण्यांविषयीचे अभ्यास एकत्र पाहिले तर फेलन सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत आणि टिनेल जवळपास निम्म्या रुग्णांत सकारात्मक येते. म्हणून एक चाचणी नकारात्मक आली म्हणजे आजार नाही असे रुग्णाला सांगू नये.

यानंतर नुकसान किती हे पाहावे. तळहात वर करून हात टेबलावर ठेवावा, रुग्णाला अंगठा छताच्या दिशेने सरळ वर उचलायला सांगावे आणि अंगठ्याच्या मुळापाशी खाली दाबावे. इथे अॅबडक्टर पोलिसिस ब्रेव्हिस हा स्नायू तपासला जातो आणि तो जवळजवळ नेहमी मीडियन नर्व्हवरच अवलंबून असतो. तो अशक्त किंवा वाळलेला असेल तर दाब जुना आहे आणि निर्णय लांबवू नये.

दाब मनगटातच आहे का, हे तळहाताची त्वचा सांगते. अंगठ्याच्या उंचवट्यावरील त्वचेला जाणारी शाखा मनगटाच्या काही सेंटिमीटर वर फुटते आणि बोगद्याच्या बाहेरून जाते. कार्पल टनेलमध्ये बोटे बधिर असतात आणि हा उंचवटा शाबूत राहतो. तोही बधिर असेल तर कोपराजवळच्या दाबाचा विचार करावा आणि हात पालथा करताना प्रतिकार देऊन त्रास वाढतो का ते पाहावे. रुग्णाला अंगठा आणि तर्जनीचे गोल कडे करता येत नसेल, टोकाचे सांधे न वाकता दोन्ही बोटे सपाट चिकटत असतील आणि बधिरपणा मुळीच नसेल, तर बिघाड अँटिरियर इंटरऑसियस शाखेत आहे. या शाखेकडे त्वचेची संवेदना नसते.

कोपरातील अल्नर नर्व्ह

कोपर पूर्ण वाकवून, मनगट मागे वळवून एक ते तीन मिनिटे ठेवावे. त्याच वेळी कोपराच्या आतल्या हाडामागे नर्व्हवर बोटाने दाब दिला तर चाचणी अधिक लवकर आणि अधिक वेळा सकारात्मक होते. अनामिका आणि करंगळीतील मुंग्या हाच तिचा निकष आहे. इथे टिचकी मारल्यावर कितीतरी निरोगी माणसांनाही झिणझिण्या येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंची तुलना केल्याशिवाय टिनेलवर विसंबू नये. कोपर वाकवताना नर्व्ह हाडावरून पुढे घसरतो का हेही बोटाने पाहावे. अनेकांत तो कोणत्याही त्रासाविना घसरतो, म्हणून नुसते घसरणे म्हणजे आजार नव्हे.

ताकदीसाठी फ्रोमाँ चाचणी करावी. रुग्णाने दोन्ही हातांनी एकच कागद अंगठा व तर्जनीची बाजू यांच्यामध्ये पकडावा आणि आपण तो ओढावा. अंगठा आत ओढणारा स्नायू कमजोर असेल तर रुग्ण नकळत अंगठ्याचे टोकाचे पेर वाकवून कागद धरतो, कारण ते वाकवणारा स्नायू मीडियन नर्व्हवर चालतो. दोन्ही हात एकाच वेळी तपासल्यामुळे फरक रुग्णाच्याही नजरेला येतो. हात सपाट ठेवून सर्व बोटे जुळवायला सांगितल्यावर करंगळी बाहेरच राहिली तर त्याला वार्टेनबर्ग खूण म्हणतात.

आता जागा ठरवावी. हाताच्या पाठीवरील करंगळीकडच्या त्वचेला जाणारी शाखा मनगटाच्या बरीच वर फुटते. ती त्वचा बधिर असेल तर दाब मनगटातील गायन्स कॅनॉलमध्ये (अल्नर नर्व्ह ज्यातून हातात उतरतो त्या बोगद्यात) असू शकत नाही, तो वर कुठेतरी आहे. उलट बाजूने मात्र इतके निश्चित बोलता येत नाही. कोपरात अर्धवट दाब असताना नर्व्हमधील तंतूंचे काही गठ्ठे दाबातून वाचतात, त्यामुळे हाताच्या पाठीची संवेदना आणि मनगट वाकवणारा स्नायू दोन्ही चांगले राहू शकतात. बिघडलेली शाखा जितक्या ठामपणे बोलते तितक्या ठामपणे शाबूत शाखा बोलत नाही, हा फरक नवशिक्यांनी सुरुवातीपासून ध्यानात ठेवावा. करंगळीचे मधले पेर धरून फक्त टोकाचा सांधा वाकवायला सांगावे. तो कमजोर असेल तर कोपराकडे बोट दाखवणारा आणखी एक पुरावा हाती येतो.

अल्नर नर्व्ह आणि मानेतील सी-8 हे मूळ यांत गल्लत सहज होते. अल्नरचा बधिरपणा मनगटाच्या फारसा वर चढत नाही. कोपर ते मनगट या भागाची आतली बाजूही बधिर असेल तर दोष मुळात किंवा खांद्याजवळच्या नर्व्हच्या जाळ्यात शोधावा. त्याच संशयाने अंगठा वर उचलण्याची मीडियनची चाचणी पुन्हा करावी. तो स्नायू सी-8 व टी-1 या मुळांवर चालतो, परंतु अल्नर नर्व्हवर चालत नाही. तो कमजोर असला तर एकट्या अल्नरने सगळे चित्र उलगडत नाही.

रेडियल नर्व्ह

हात खुर्चीच्या पाठीवर टाकून गाढ झोपल्यावर सकाळी मनगट लुळे पडलेले आढळते, तेव्हा दाब दंडाच्या मध्यावर असतो. कोपर सरळ करणारा ट्रायसेप्स तिथे बहुधा शाबूत असतो, मनगट व बोटे उचलता येत नाहीत आणि अंगठा व तर्जनी यांमधील हाताच्या पाठीची त्वचा बधिर असते. मनगट उचलता येते पण अंगठ्याकडे झुकते, बोटे मुळापासून सरळ होत नाहीत आणि संवेदना चांगली आहे, असे असेल तर दाब कोपराखाली पोस्टेरियर इंटरऑसियस शाखेवर आहे. बोटे सरळ करण्याची ताकद मुळाच्या सांध्यात पाहावी, कारण पुढची पेरे अल्नर व मीडियनचे छोटे स्नायूही सरळ करतात. मनगट लुळे असताना बोटे फाकवण्याची ताकदही कमी भासते. हात टेबलावर सपाट टेकवून पुन्हा तपासले की अल्नर नर्व्ह ठीक असल्याचे दिसते.

पायातील नर्व्ह

पाऊल लुळे पडलेल्या रुग्णात मुख्य प्रश्न हा असतो की दोष गुडघ्याजवळच्या पेरोनियल नर्व्हमध्ये आहे की कमरेतील एल-5 या मुळात. रुग्णाला टाचांवर चालायला सांगावे, त्यानंतर पाऊल वर उचलणे, बाहेर वळवणे आणि पायाचा अंगठा उचलणे तपासावे. या तीनही हालचाली दोन्ही विकारांत कमजोर असू शकतात. निर्णय पाऊल आत वळवण्यावर होतो : पाऊल किंचित खाली झुकलेले ठेवून आत वळवायला सांगावे. हे काम टिबियल नर्व्ह करतो, पण त्याचे मूळ मुख्यतः एल-5 आहे, म्हणून पेरोनियलच्या दाबात ते चांगले राहते आणि मुळाच्या दोषात कमजोर होते. कुशीवर झोपवून मांडी बाजूला उचलण्याची ताकदही तसाच भेद करते. फिब्युलाच्या मानेवर टिचकी मारून पाहावी आणि पाय सरळ उचलण्याची चाचणी करून कमरेतून पोटरीपर्यंत कळ जाते का ते पाहावे.

तळपायाला आग होत असेल तर घोट्याच्या आतल्या हाडामागे टार्सल टनेल (टिबियल नर्व्हचा बोगदा) तपासावे. पाऊल वर व बाहेर वळवून आणि बोटे मागे ताणून 5 ते 10 सेकंद धरावे, मग टिचकी मारावी. टाचेला जाणारी शाखा अनेकदा आधीच फुटलेली असते, त्यामुळे टाच या त्रासातून सुटू शकते.

मांडीच्या बाहेरच्या व पुढच्या भागाला बधिरपणा आणि आग, पण ताकद व गुडघ्याचा रिफ्लेक्स पूर्ण चांगला, असे असल्यास मेराल्जिया पॅरेस्थेटिका (मांडीच्या त्वचेला जाणारा नर्व्ह दबणे) असण्याचा संभव मोठा आहे. रुग्णाला दुखरी बाजू वर करून कुशीवर झोपवावे आणि कमरेच्या हाडावर 45 सेकंद खाली दाब द्यावा. या चाचणीत त्रास कमी झाला तर ती सकारात्मक असते, इतर चाचण्यांच्या अगदी उलट.

मान, कंबर आणि धोक्याच्या खुणा

हाताच्या प्रत्येक रुग्णात मान आणि पायाच्या प्रत्येक रुग्णात कंबर तपासावी. स्पर्लिंग चाचणीत मान मागे व दुखऱ्या बाजूला झुकवून डोक्यावर सावकाश दाब देतात आणि कळ हातात उतरते का ते पाहतात. मानेला मार लागला असेल किंवा मज्जारज्जू दबल्याचा संशय असेल तर ही चाचणी करू नये. मानेतील मूळ आणि मनगटातील नर्व्ह एकाच रुग्णात दबलेले असू शकतात. अशा दुहेरी दाबाची कल्पना 1973 मध्ये मांडली गेली. तिच्या कारणमीमांसेबद्दल मतभेद आहेत, परंतु दोन्ही जागा तपासण्याची सवय त्यामुळे चुकीची ठरत नाही.

रिफ्लेक्स वाढलेले असणे, तळपाय खाजवल्यावर अंगठा वर जाणे, दोन्ही हातांची बारीक कामे अवघड होणे आणि चाल बिघडणे या खुणा मज्जारज्जूकडे निर्देश करतात. स्नायू वाळत आहेत, फडफडत आहेत, पण बधिरपणा कुठेच नाही, अशा रुग्णाला कार्पल टनेल म्हणून सोडू नये. एकामागून एक वेगवेगळे नर्व्ह वेदनेसह निकामी होत असतील तर रक्तवाहिन्यांच्या दाहाचा शोध घ्यावा लागतो. लघवी अडणे किंवा गुप्तांगाभोवतीची त्वचा बधिर होणे, तसेच प्लास्टर किंवा अस्थिभंगानंतर बोटे हलकेच सरळ केली तरी असह्य कळ येणे, या दोन्ही परिस्थितींत त्याच तासात शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे पाठवावे. उरलेली तपासणी पूर्ण करत बसू नये.

नोंद कशी करावी

'फेलन सकारात्मक' एवढे लिहून पुढच्या भेटीत काहीच तुलना करता येत नाही. बाजू, सेकंद, कोणते बोट, संवेदनेची टक्केवारी, स्नायूचे नाव व त्याची श्रेणी आणि कोणती शाखा शाबूत होती, हे सर्व लिहावे. उदाहरणार्थ : उजवीकडे फेलन 20 सेकंदांत सकारात्मक, मुंग्या तर्जनी व मध्यमेत, अनामिकेच्या दोन बाजूंत फरक, अंगठ्याच्या उंचवट्यावरील त्वचा सामान्य, अॅबडक्टर पोलिसिस ब्रेव्हिस चार, करंगळी, मान व ट्रायसेप्स रिफ्लेक्स सामान्य. नर्व्ह कंडक्शन (नर्व्हमधून विद्युत संदेश कसा जातो ते मोजणाऱ्या) तपासणीला पाठवताना ही नोंद सोबत द्यावी, म्हणजे ती करणाऱ्याला कोणता नर्व्ह कोणत्या जागी बारकाईने पाहायचा आहे हे कळते. अहवाल आणि तुमचे निष्कर्ष जुळले नाहीत, तर अहवाल हातात घेऊन रुग्णाला पुन्हा एकदा पहिल्यापासून तपासावे.